व्हीएसआर-१०साठी अपग्रेडचे भाग कोणत्या क्रमाने घ्यावेत? एम१७० स्प्रिंग टाकली की रेंज वाढेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडमध्ये राहता, टोकियो मारुईची व्हीएसआर-१० जी-स्पेक, म्हणजे प्लॅस्टिकच्या गोळ्या झाडणारी स्प्रिंगची एअरसॉफ्ट स्नायपर रायफल, नवी घेतली आहे, खर्चाला साधारण २५० पाउंड बाजूला काढलेत आणि पहिली खरेदी म्हणून एम१७० स्प्रिंग आणि लांब बॅरल मनात आहे. शेतापलीकडच्या झाडापर्यंत गोळी सरळ जायला हवी.

एम१७० घेऊ नका. लांब बॅरलही नको. स्प्रिंग ही यादीतली शेवटची वस्तू आहे आणि २५० पाउंडांतला सगळ्यात छोटा वाटा तिचा असायला हवा.

कारण कायद्यापासून सुरू होतं. ब्रिटनमध्ये २०१७च्या कायद्याने एकेक गोळी झाडणाऱ्या एअरसॉफ्टला २.५ ज्यूलची कमाल मर्यादा आहे, ऑटोमॅटिकला १.३. त्याच्या वर गेलात तर ती वस्तू कायद्याच्या नजरेत एअरसॉफ्ट राहत नाही, आणि स्कॉटलंडमध्ये एअर वेपनला परवाना लागतो. बहुतेक मैदानं बोल्ट-ॲक्शनला (प्रत्येक गोळीआधी हाताने बोल्ट ओढावा लागतो अशा रायफलीला) ०.२० ग्रॅमच्या बीबीवर (प्लॅस्टिकच्या गोळीवर) ५०० एफपीएसपर्यंत (सेकंदाला इतके फूट), म्हणजे २.३२ ज्यूलपर्यंत, सोडतात आणि सोबत ३० मीटरच्या आत कुणावर न झाडण्याची अट घालतात. एम१५० या नावातला आकडा ढोबळमानाने ०.२० ग्रॅमवर सेकंदाला १५० मीटर, म्हणजे ४९२ एफपीएस. मग एम१७० नीट सील झालेल्या, म्हणजे हवा न गळणाऱ्या रायफलीत टाकली की तुम्ही क्रोनोच्या, म्हणजे गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्राच्या, टेबलावरूनच परत फिरणार. आणि सील नीट नसताना टाकलीत तर ती गळती झाकण्यापुरतीच उपयोगी पडते: बोल्ट ओढताना खांदा दुखतो, ट्रिगर झिजतो, गोळी मात्र तिथेच पडते.

रेंज कशाने येते? जड बीबी आणि तिला उचलून धरणारी उलटी फिरकी, म्हणजे हॉप. ०.२० ग्रॅमची गोळी वेगाने निघते आणि हवेत तितक्याच वेगाने दमते, वाऱ्याने वाहवतेही. २.३२ ज्यूलवर हिशेब करून पाहा: ०.३६ ग्रॅमची गोळी साधारण ३७२ एफपीएसने निघेल, ०.४० ची ३५३ ने, ०.४३ ची ३४१ ने, ०.४८ ची ३२३ ने. क्रोनोवर हे आकडे फिके दिसतात, पण लांबवर पोचते ती जडच. तेव्हा एफपीएस विसरा आणि ज्या वजनाची गोळी खेळात वापरणार, त्याच वजनावर ज्यूल मोजा. हलक्या आणि जड गोळीवर ज्यूल सारखे येत नाहीत. सिलिंडरमध्ये हवा जास्त आणि बॅरल आखूड असेल तर जड गोळी बॅरलमध्ये जास्त वेळ रेंगाळते आणि त्या हवेचा फायदा घेते, म्हणजे ज्यूल वर चढतात. जी-स्पेकमध्ये नेमकं हेच आहे: आतली बॅरल ३०३ मिलिमीटरची. ०.२० वर २.३ भरलेली रायफल ०.४३ वर २.५ च्या पलीकडे जाऊ शकते. प्रामाणिक खेळाडूही इथे फसतो.

आता क्रम.

पहिला खर्च हॉपवर. मूळ चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बॅरलच्या मागे जिथे येऊन थांबते तिथे, दोन बारीक हात फिरकी देणाऱ्या रबराला दोन बाजूंनी वरून दाबतात. ते दोन्ही सारखे दाबत नाहीत तेव्हा गोळी डावीकडे किंवा उजवीकडे वळते, आणि माणूस दुर्बिणीचे स्क्रू फिरवत बसतो. मॅपल लीफचं किंवा ॲक्शन आर्मीचं चेंबर घ्या, सोबत त्याच पद्धतीचं रबर. रबराच्या पाकिटावर अंश लिहिलेले असतात: ५०, ६०, ७०, ७५, ८०. हा रबराचा कडकपणा. २.३ ज्यूलला ६० किंवा ७० पुरतं. तुमच्याकडच्या जानेवारीत रबर आणखी ताठ होतं, म्हणून ६० कडे माझा कल. ८० अंशाचं ‘जास्त ताकदीसाठी’ म्हणून विकतात, पण थंडीत ते जड गोळी उचलायला कुरकुरतं.

रबर बसवणं हे पंधरा मिनिटांचं काम असलं तरी घाईचं नाही. आधी भांडी घासायच्या साबणाने धुऊन पूर्ण वाळवा, कारखान्याचा तेलकटपणा राहिला तर गोळी घसरते. बॅरलच्या टोकाची खाच आणि रबराच्या आतली रेघ एका ओळीत आणा. हवा निसटू नये म्हणून बॅरलवर रबराच्या कडेला प्लंबरवाल्या पांढऱ्या टेपचे एक-दोन वेढे द्या, जास्त दिले तर रबर चेंबरमध्ये पिळलं जातं. मग हॉप पूर्ण चढवा, बॅरलच्या पुढच्या तोंडातून टॉर्च मारा आणि मागच्या तोंडातून डोळा लावून बघा. वर्तुळाच्या अगदी माथ्यावरून रबराची सपाट कड खाली उतरलेली दिसायला हवी, घराच्या दारावरच्या आडव्या लाकडासारखी सरळ. एक कोपरा खाली आणि दुसरा वर असेल तर काढून पुन्हा बसवा. तिरकी कड म्हणजे वळणारी गोळी, आणि दुसरं कुठलंही महागडं सामान हे दुरुस्त करत नाही.

बॅरलबद्दल. मारुईची मूळ ६.०८ मिलिमीटरची आहे आणि ती वाईट नाही. बदलायचीच तर ६.०३ च्या आसपासची, लांबी तीच ठेवून. ६.०१ कडे ओढ असते, पण बीबी ५.९५ ची असते, बाकी उरते धुळीच्या कणाएवढी फट, आणि इंग्लंडच्या चिखलात ती एका सकाळीत भरते. एक मात्र पक्कं बघा: व्हीएसआर पद्धतीच्या बॅरलची खाच एईजीच्या (बॅटरीवर चालणाऱ्या एअरसॉफ्टच्या) बॅरलपेक्षा वेगळी असते. नुसता व्यास जुळला म्हणून घेतलेली बॅरल चेंबरमध्ये बसत नाही. आतली बॅरल बाहेरच्या नळीत हलत असेल तर दोन ठिकाणी इन्सुलेशन टेपचे वेढे देऊन ती मध्यभागी आणि घट्ट करा. दहा पेन्सचा हा उपाय नव्या बॅरलपेक्षा जास्त फरक पाडतो, हे दुकानदार सांगत नाहीत.

यानंतर ट्रिगर, आणि पैशाचा मोठा वाटा इथेच जातो. मूळ ट्रिगर मारुईच्या मूळ ताकदीसाठी, एका ज्यूलच्याही आतल्या, बनवलेला आहे. पिस्टनच्या (स्प्रिंगने पुढे जाऊन हवा दाबणाऱ्या भागाच्या) शेपटीची कड आणि तिला पकडणारी सीअर या दोघांचा जोड ४५ अंशांत तिरका असतो. स्प्रिंगचा दाब त्या उतारावरून सीअरला खाली ढकलत राहतो. मूळ स्प्रिंगला ते झेपतं. एम१५० टाकल्यावर काही शेकडा गोळ्यांत सीअरची कड गोल होते. खूण ओळखीची: बोल्ट मागे ओढला तरी ‘खट’ न होता हातात सुटतो, किंवा बोल्ट पुढे बंद करताना रायफल आपोआप झाडते. दुसरी खूण दिसली की बॅरल खाली करून खेळातून बाहेर पडा.

यावर उपाय ९० अंशांचा ट्रिगर. तिथे दाब सरळ समोरच्या पृष्ठभागावर येतो, घसरायला उतारच नसतो. लेलॅक्सचा झीरो ट्रिगर आणि ॲक्शन आर्मीचा ट्रिगर हे याच जातीचे. तुमच्या बजेटमध्ये ॲक्शन आर्मी बसेल. पण लक्षात ठेवा, ९० च्या ट्रिगरला ९० चाच पिस्टन लागतो. ४५ चा जुना पिस्टन तिथे नीट अडकत नाही, आणि अर्धवट अडकलेला पिस्टन न अडकलेल्यापेक्षा धोक्याचा. म्हणून ट्रिगर, पिस्टन आणि स्प्रिंग गाइड (स्प्रिंगच्या आत राहणारी दांडी) एकाच वेळी मागवा. स्प्रिंग गाइडच्या मागचा धातूचा अडथळा त्या ट्रिगरसोबतच येतो का, तेही वाचून घ्या.

गाइडची जाडी स्प्रिंगच्या आतल्या व्यासाशी जुळायला हवी: मूळ ७ मिलिमीटरची, बाजारात ९ आणि १३ च्याही मिळतात. ७ च्या गाइडवर ९ ची स्प्रिंग चढवली तर ती आत सापासारखी वळवळते, सिलिंडरला घासते, आणि प्रत्येक गोळीचा वेग वेगळा येतो.

सिलिंडर मूळचाच चालतो. आतून चरे नसतील तर तो बदलायची घाई नको. सील तपासायची रीत सोपी: स्प्रिंग काढा, पिस्टन मागे घ्या, नोझलवर बोट दाबून पिस्टन पुढे ढकला. तो हवेच्या गादीवर अडला पाहिजे आणि सोडल्यावर मागे उसळला पाहिजे. हळूहळू बुडत गेला तर ओ-रिंग (पिस्टनवरचं रबरी कडं) लहान आहे किंवा सिलिंडर हेडच्या आट्यांतून हवा जाते. ओ-रिंग बोटांनी थोडी ताणून बसवा, आट्यांना टेपचा एक वेढा द्या. ओ-रिंगवर सिलिकॉन ग्रीसचा पुसट थर, स्प्रिंग आणि सीअरवर लिथियम ग्रीस. डब्ल्यूडी-४० रबराच्या जवळही नको. सिलिंडरमधलं ग्रीस वाजवीपेक्षा जास्त झालं तर ते पुढे उडून हॉपच्या रबरावर बसतं, आणि मग पहिल्या वीस गोळ्या कुठेही जातात.

पिस्टनला एअर ब्रेक, म्हणजे पुढे काढलेली बारीक दांडी असेल तर ती काढता येते का बघा. तिने आवाज कमी होतो, पण जड गोळीला अजून हवेची गरज असते तेव्हाच पिस्टन मंदावतो. आवाजासाठी हेडवर मऊ पॅड लावणं बरं. स्प्रिंगच्या रायफलीत बराचसा आवाज पिस्टन आपटण्याचा असतो, त्याला पुढचा सप्रेसर फार काही करू शकत नाही.

आता कुठे स्प्रिंग. एम१४० किंवा एम१५०, त्याहून वर नाही. सगळं जोडल्यावर ०.४० किंवा ०.४३ वर दहा गोळ्या क्रोनोवर झाडा. दहांतला फरक पाच-सहा एफपीएसच्या आत असेल तर काम जमलं. पंधरा-वीसचा फरक म्हणजे हवा कुठेतरी गळते किंवा रबर सरकलंय, स्प्रिंगला दोष देऊ नका. ज्यूल थोडे कमी पडले तर गाइडवर दोन मिलिमीटरचा वॉशर टाका. जास्त झाले तर स्प्रिंग कापण्यापेक्षा एक पायरी हलकी घ्या, कापलेलं टोक सपाट बसत नाही. नवी स्प्रिंग काही शेकडा गोळ्यांनंतर थोडी बसते, तेव्हा मर्यादेला चिकटून ठेवू नका, २.२ वर थांबा. रायफल बोल्ट ओढून ठेवून कधीही पिशवीत टाकू नका.

पैसे संपले तर काय गाळायचं? बॅरल. तीही गाळून पैसे कमी पडले तर ट्रिगर पुढच्या महिन्यात घ्या, पण तोवर मूळ स्प्रिंगवरच खेळा आणि हॉपचं काम आधी उरका. मूळ ताकदीवर नव्या रबराने ०.२८ किंवा ०.३० झाडून बघा, तुमचा एम१७०चा हट्ट बहुधा तिथेच उतरेल.

कुणी स्वस्तात वेल कंपनीची एमबी-०१ आणि तिचे भाग देऊ केले तर नाही म्हणा. ती मारुझेनच्या टाइप ९६ घराण्यातली, व्हीएसआरचे बहुतेक आतले भाग तिच्यात जात नाहीत. जेजीची बार-१० मात्र व्हीएसआरचीच नक्कल आहे, पण आटे आणि स्क्रू कुठे कुठे जुळत नाहीत, भाग मागवण्याआधी कॅलिपर लावा.

चष्म्याचं राहिलं. मैदानाच्या भाड्याच्या मास्कवर विसंबू नका. ईएन१६६ प्रमाणात ‘एफ’ ही खूण सेकंदाला ४५ मीटरच्या आघातासाठी असते आणि ‘बी’ १२० मीटरसाठी, चाचणीला ६ मिलिमीटरची पोलादी गोळी. काचेवर आणि फ्रेमवर दोन्हीकडे ‘बी’ छापलेलं बघूनच घ्या.