तयार टेरेन घ्यावं की घरी करावं?

प्रश्न : टेबलावरच्या युद्धखेळात वापरायच्या २८ मिमीच्या छोट्या सैनिकांसाठी ६ बाय ४ फुटांचं टेबल सजवायचं आहे. रंगवलेलं तयार टेरेन, म्हणजे टेकड्या, इमारती, झाडं असा देखावा, फार महाग वाटतं. घेण्यासारखं आहे का?

उत्तर : सरसकट नाही. पडक्या इमारती जरूर घ्या, पण न रंगवलेल्या प्लॅस्टिक किटच्या. खिडक्यांच्या चौकटी आणि विटांचे थर हाताने कोरत बसणं म्हणजे शिक्षाच. साच्यात ओतून केलेले रेझिनचे भाग असतील तर आधी साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, नाहीतर साच्याच्या तेलकटपणामुळे रंग पोपडे धरून निघतो.

टेकड्यांवर मात्र पैसे घालवू नका. २५ मिमी जाडीचा एक्सपीएस फोम (दाट, कडक फोमची शीट) घ्या. थर्माकोल नको, कापताना त्याचे दाणे सुटतात. सलग उतार दिसतो छान, पण सैनिक घसरतात. म्हणून पायऱ्या करा, प्रत्येक निदान ३० मिमी रुंद, म्हणजे सैनिकाच्या पायाखालचा २५ मिमीचा बेस नीट बसतो. फोम ३ मिमी एमडीएफवर (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीवर) चिकटवा. पांढरा फेविकॉल आणि काळा अ‍ॅक्रिलिक रंग समप्रमाणात मिसळून दोन हात द्या. थेट स्प्रे मारलात तर त्यातलं द्रावक फोम खाऊन टाकतं. फेविकॉल सुकताना आकसतो आणि एमडीएफच्या कडा वर उचलल्या जातात. तेव्हा खालच्या बाजूलाही एक हात द्या.

झाडं पक्की चिकटवू नका. वॉशरवर उभी करा, तुकडी रानात शिरली की बाजूला सरकवता येतात.