घरी बनवायच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी कोणता आयसी?

प्रश्न: टीडीए२०३०ए चे दोन आयसी लागोपाठ उडाले. ट्रान्सफॉर्मर १८-०-१८ चा आहे, स्पीकर ८ ओहमचे. सर्किट तीनदा तपासलं. चूक कुठे?

ट्रान्सफॉर्मरमध्ये. १८ हा एसीचा आकडा झाला. रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) आणि फिल्टर कपॅसिटरनंतर तो १.४१ पटीने वाढतो, म्हणजे दोन्ही बाजूंना साधारण २५ व्होल्ट डीसी. लोड नसताना त्याहूनही थोडा जास्त. या आयसीची कमाल मर्यादा प्लस-मायनस २२. गाणं लागायच्या आधीच त्याचा जीव गेला होता.

ट्रान्सफॉर्मर तोच ठेवायचा असेल, तर एलएम१८७५ घ्या. तो एकूण ६० व्होल्ट सोसतो, पायांचा क्रम तोच, आणि ८ ओहमवर सुमारे २० वॉट देतो. गेन (सिग्नल किती पट वाढतो तो आकडा) मात्र १० च्या खाली नेऊ नका, आयसी ऑसिलेट होतो, म्हणजे स्वतःच सिग्नल निर्माण करू लागतो. फिल्टर कपॅसिटर २५ व्होल्टचे असतील तर तेही बदला. निदान ३५ चे हवेत. आणि मागचा धातूचा पत्रा मायनस सप्लायला जोडलेला असतो, हे विसरू नका. हीटसिंक ग्राउंडला लागत असेल तर मध्ये अभ्रकाचा वॉशर आणि स्क्रूला इन्सुलेटिंग बुश हवाच. आयसीचा नंबर ठरवण्याआधी सप्लाय मोजा, असं मी प्रत्येकाला सांगतो, ते यासाठीच.

प्रश्न: १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर आणि ८ ओहमचे दोन स्पीकर आहेत. वीस-वीस वॉट मिळतील का?

नाही मिळणार. साध्या जोडणीत आउटपुट जेमतेम ५ व्होल्ट वर-खाली हलतं. त्यातून दीड वॉट निघतो. ब्रिज जोडणीत, म्हणजे स्पीकरची दोन्ही टोकं आयसीच चालवतो तेव्हा, स्पीकरला दुप्पट व्होल्टेज मिळतं, म्हणून पॉवर चौपट, सहा वॉटच्या आसपास. खोलीत ऐकायला तेवढं खरंच पुरतं. टीडीए७२९७ मध्ये दोन्ही चॅनेल ब्रिजचेच आहेत आणि बाहेरचे पार्ट मोजकेच लागतात. पहिल्याच प्रयत्नात वाजेल असा आयसी म्हणून मला तो आवडतो. स्पीकरची मायनस वायर मात्र ग्राउंडला लावायची नाही आणि दोघांच्या मायनस एकत्र करायच्या नाहीत. टीपीए३११६ हा क्लास डी (आउटपुट वेगाने चालू-बंद करणारा) आयसी खूपच कमी तापतो, पण त्याचे बारीक पाय घरी सोल्डर करणं कठीण. घ्यायचा तर तयार बोर्डच घ्या.

प्रश्न: एलएम३८६ मधून आवाजाबरोबर सतत खरखर येते.

पिन १ आणि ८ मधला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढा. गेन २०० वरून २० वर येईल. मोबाइलच्या सिग्नलला तेवढा भरपूर आहे. पिन ५ पासून ग्राउंडपर्यंत १० ओहम आणि ४७ नॅनोफॅरड सिरीजमध्ये लावा.

प्रश्न: एलएम३८८६ ला सप्लाय बरोबर आहे, पण आवाजच नाही.

पिन ८ मोकळी सोडली असणार. ती म्यूटची, म्हणजे आवाज बंद ठेवणारी पिन आहे. तिच्यातून किमान अर्धा मिलिअँपिअर करंट मायनस सप्लायकडे गेला पाहिजे. प्लस-मायनस २८ व्होल्टवर ३३ किलोओहमचा रेझिस्टर चालेल.