बिलाचं दुसरं पान

प्रश्न : ताई, माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. त्यांचा पोस्टपेड प्लॅन ३९९ रुपयांचा, पण गेले तीन महिने बिल ५८६ रुपये ४६ पैसे येतंय. ते फोन घेतात आणि करतात, बाकी काही नाही. दुकानात विचारलं तर ‘टॅक्स असतो’ म्हणाले. एवढा असतो का? थेट दूरसंचार नियामक ट्रायकडे तक्रार करू का?
– एक वाचक, कराड

उत्तर : नाही, एवढा टॅक्स नसतो. मोबाइल सेवेवर जीएसटी १८ टक्के, निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. ३९९ वर तो ७१ रुपये ८२ पैसे होतो, म्हणजे बिल ४७० रुपये ८२ पैसे यायला हवं. वरचे ११५ रुपये ६४ पैसे कशाचे? उलटा हिशोब करून पाहिला. ९८ रुपये आणि त्यावरचा जीएसटी धरला की रक्कम पैशापर्यंत जुळते. म्हणजे बहुतेक ४९-४९ च्या दोन सेवा मागे लागल्यात. एकूण रक्कम पहिल्या पानावर असते, तपशील आतल्या पानांवर. तिथे ‘मूल्यवर्धित सेवा’ किंवा ‘इतर शुल्क’ अशी ओळ शोधा.

माझ्या सासऱ्यांचं हेच झालं होतं. रेकॉर्ड केलेला फोन आला, ‘अभंग हवा असल्यास १ दाबा’, नानांनी दाबला. मग जो तो म्हणे, ‘नाना, तुमच्या फोनवर अभंग छान लागतो.’ नाना खूश. महिन्याला ४९ रुपये अधिक टॅक्स जातोय, हे चौदा महिन्यांनी माझ्या लक्षात आलं, तोवर आठशेच्या वर गेले होते. म्हातारा माणूस हातातला फोन कानापासून दूर धरून बटण शोधतो, त्या एका दाबण्याला संमती म्हणायचं, याचा मला आजही संताप येतो. ट्रायचा नियम २०१३ पासून स्पष्ट आहे : अशी सेवा सुरू करताना ग्राहकाकडून दुसऱ्यांदा खात्री करून घ्यायलाच हवी.

आधी १५५२२३ वर वडिलांच्याच मोबाइलवरून फोन करा, तो मोफत आहे, आणि सेवा बंद करायला सांगा. मग कंपनीच्या १९८ वर बिलाची तक्रार नोंदवा. पैसे परत मागा आणि ‘दुसऱ्यांदा दिलेल्या संमतीची नोंद दाखवा’ असं नेमक्या शब्दांत म्हणा. तक्रार क्रमांक मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत जा. त्याला फी नाही, आणि निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो.

ट्रायचं म्हणाल, तर ती १९९७ साली स्थापन झालेली नियामक संस्था आहे. नियम तिचे, पण एकेका ग्राहकाची तक्रार ती सोडवत नाही. बहुतेक प्लॅनचे दरही ती ठरवत नाही, ते कंपन्याच ठरवतात. पत्र पाठवून वाट पाहत बसलात तर महिने जातील. आणि रागाने बिल थकवू नका, थकबाकी असली की नंबर पोर्ट करायची विनंती फेटाळली जाते.

एक मात्र करा, बंद करण्याआधी वडिलांना विचारा. नानांच्या फोनवर राशिभविष्याचीही सेवा निघाली होती. हिशोब दाखवला तेव्हा ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, ‘ते राशिभविष्य बंद कर, अभंग राहू दे. पैसे माझ्या पेन्शनमधून घे.’