अलास्का क्रूझ: आधी हिमनदी ठरवा, जहाज मग

आई-बाबा जूनमध्ये सिएटलला येणार, दोघंही साठीच्या पुढचे, सात रात्रींची अलास्का क्रूझ करायची आणि दोन जहाजांत अडलंय, असं तुम्ही लिहिलंय. एक नवंकोरं, घसरगुंड्या नि गो-कार्टवालं. दुसरं जुनं, लहान आणि थोडं महाग. त्या घसरगुंड्यांवर आई-बाबा बसणार आहेत का, हे आधी त्यांनाच विचारा!

गंमत बाजूला. जहाजाचे फोटो बंद करा आणि दोन्ही वेळापत्रकांत हिमनदीचा दिवस शोधा. जुनो, स्कॅगवे, केचिकन ही बंदरं बहुतेक सगळ्यांच्याच यादीत फिरून-फिरून येतात. खरा फरक त्या एका दिवसाचा.

तुमचं जुनं जहाज ग्लेशियर बे या राष्ट्रीय उद्यानातल्या खाडीत जातंय. तिथे दिवसाला दोनच मोठ्या जहाजांना परवानगी असते, म्हणून जास्तीचे पैसे मला पटतात. जहाज कुठेही धक्क्याला लागत नाही. सकाळी राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर लहान बोटीतून येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर माहिती देतात. 1794 मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकुव्हरच्या मोहिमेतले लोक इथे आले तेव्हा बर्फाची भिंत जवळपास खाडीच्या तोंडाशीच होती. आज मार्जरी हिमनदी गाठायला शंभरेक किलोमीटर आत जावं लागतं. तिच्यासमोर जहाज तासभर रेंगाळतं आणि जागच्या जागी हळूहळू वळतं, त्यामुळे डावी बाल्कनी की उजवी यावर डोकं शिणवू नका. एक मात्र लक्षात ठेवा: हिमनदीच्या टोकाचा बर्फाचा कडा आधी सुटून पाण्यात पडतो, आवाज मागून येतो. गडगडाट ऐकून मान वळवलीत तर फक्त पाण्यावरचा फेस दिसेल. एखादी निळी भेग हेरायची आणि नजर तिथेच ठेवायची. नेमकं तेव्हाच जेवायला जाऊ नका, निम्मं जहाज तेच करतं.

नव्या जहाजाच्या यादीत एन्डिकॉट आर्म आहे, म्हणजे उंच कड्यांमधली समुद्राची अरुंद खाडी, फ्योर्ड. पूर्वी बरीच जहाजं शेजारच्या ट्रेसी आर्ममध्ये जायची. 10 ऑगस्ट 2025 ला तिथे डोंगराचा कडा कोसळून प्रचंड लाट उसळली, तेव्हापासून कंपन्यांनी एन्डिकॉटकडे मोर्चा वळवलाय. फ्योर्ड देखणा आहे, धबधबे अगदी अंगावर येतात. पण टोकाच्या डॉज हिमनदीपर्यंत मोठं जहाज किती जवळ जाईल हे तरंगत्या बर्फावर ठरतं, आणि लहान बोटीची सहल वेगळे पैसे घेऊन विकतात. इतर जहाजांच्या यादीत दिसणारा तिसरा पर्याय हबर्ड हिमनदी. लांबी सुमारे 120 किलोमीटर, आणि बाकीच्या बहुतेक मागे हटत असताना ही अजून पुढे सरकतेय. 1986 आणि 2002 मध्ये तिने रसेल फ्योर्डचं तोंडच बंद केलं होतं. मात्र तिथेही बर्फ जास्त असला की लांबूनच दर्शन.

आता व्हिसा. हे तिकिटाआधी बघा. परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या जहाजाला (बहुतेक क्रूझ जहाजं तशीच) सिएटलहून निघून सिएटललाच परतायचं तर 1886 च्या अमेरिकन कायद्यामुळे मध्ये परदेशी बंदर घ्यावंच लागतं. म्हणून व्हिक्टोरियाला संध्याकाळचा एक थांबा असतो, आणि व्हिक्टोरिया कॅनडात आहे. भारतीय पासपोर्टवर आई-बाबांना कॅनडाचा व्हिसा लागेल, अमेरिकेचा आहे म्हणून भागत नाही. नसेल तर जहाजावर चढूच देत नाहीत. कॅनडातून परत अमेरिकेतच यायचंय, म्हणून अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना, तेही तपासा.

सिएटलची जहाजं बहुधा व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, खुल्या पॅसिफिकमधून जातात, त्यामुळे पहिल्या रात्री पोटात ढवळू शकतं. खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमधची खोली घ्या. व्हँकुव्हरहून निघणारी जहाजं बेटाच्या आतून जातात, पाणी शांत असतं. बाबांना गाडी लागत असेल तर तिकडूनही भाव बघा.

जून चांगला निवडलाय, पाऊस त्यामानाने कमी. तरी केचिकनला वर्षाला साधारण 3,800 मिमी पडतो. डेकवर वाऱ्यात छत्री उलटी होते, टोपीवाला रेनकोट आणा. शाकाहारी जेवणाचं बुकिंग करतानाच कळवा, आणि रोज रात्री हेड वेटरला उद्याचं सांगून ठेवा. भारतीय कर्मचारी बहुतेक जहाजांवर असतात, साधं वरण-भात मागायला लाजू नका.

जुनोहून व्हेल बघायची सहल जरूर करा. हेलिकॉप्टरचं तुमच्या बजेटवर सोडतो, ढग खाली आले की ते रद्द होतं.