सूर्य इतका लांब, मग नेपच्यूनवर एवढे वारे कुठून?

पृथ्वीच्या जेमतेम नऊशेव्या हिश्शाइतकं ऊन मिळूनही नेपच्यूनवर ताशी २,००० किमीचे वारे कसे, आणि तुमच्या सहा इंची दुर्बिणीतून तिथली वादळं दिसतील का, असं तुम्ही विचारलंय. गोम अशी की ऊन जास्त तर वारा जास्त, हा हिशोब तिकडे चालत नाही. गुरूला नेपच्यूनच्या तीसपट ऊन मिळतं, तरी त्याचे वारे ताशी सहाशेच्या आसपासच अडतात.

वारा सुरू होणं वेगळं आणि टिकणं वेगळं. आपल्याकडे तो डोंगर, झाडं, समुद्र यांना घासून दमतो. नेपच्यूनला जमीनच नाही. त्यात ऊर्जा तुटपुंजी म्हणून हवेतली खळबळही कमी, त्यामुळे वाऱ्याच्या वाहत्या पट्ट्यांचा वेग खाणारं फारसं काही उरत नाही. पावडर टाकलेल्या कॅरमवर हलक्या टिचकीनेही सोंगटी लांब जाते, तसंच.

‘आतून उष्णता येते म्हणून’ हे उत्तर सगळीकडे वाचायला मिळतं. नेपच्यून सूर्याकडून घेतो त्याच्या सुमारे २.६ पट ऊर्जा बाहेर टाकतो, हे खरंच. पण युरेनसची आतली उष्णता अगदीच किरकोळ, आणि वारे तरीही ताशी ९०० किमीपर्यंत! तेव्हा एवढ्यावर भागत नाही.

आता ज्याकडे सहसा कुणी बघत नाही ते. हा वेग कशाच्या तुलनेत? जमीन नसल्यामुळे ग्रहाच्या आतल्या भागाचं फिरणं आधार धरतात. नेपच्यूनसाठी १९८९ मध्ये व्हॉयेजर २ या अंतराळयानाने टिपलेल्या रेडिओ लहरींवरून ते एका फेरीला सुमारे १६ तास ७ मिनिटं असं ठरलं. विषुववृत्तावरचे ढग याहून मागे पडतात, म्हणजे वारा ग्रहाच्या फिरण्याच्या उलट दिशेला. शनीच्या बाबतीत या आकड्याने चांगलाच घोळ घातला. व्हॉयेजरच्या काळात दिवस १० तास ३९ मिनिटांचा धरला होता. पुढे कॅसिनी यानाने पाहिलेल्या शनीच्या कड्यांमधल्या लाटांवरून तो १० तास ३३ मिनिटांवर आला. सहा मिनिटांचाच फरक, पण विषुववृत्तावरच्या वाऱ्याचा वेग त्याने ताशी तीनशे किमीने उतरतो. पुस्तकांत छापलेला शनीच्या वाऱ्याचा ताशी १,८०० किमी हा वेग दिवसाच्या जुन्या आकड्यावरून काढलेला.

तुमच्या सहा इंची दुर्बिणीतून नेपच्यून निळसर ठिपकाच दिसेल, वादळं नाहीत. व्हॉयेजरला दिसलेला मोठा काळा डाग, म्हणजे तिथलं वादळच, तर १९९४ मध्ये हबल या अवकाश दुर्बिणीलाही सापडला नाही. गुरूचा लाल डाग मात्र दिसतो, फिकट नारिंगी. गुरू दहा तासांच्या आत फिरतो, तेव्हा डाग मध्यावर येण्याची वेळ आधी बघून ठेवा, नाहीतर तो पलीकडच्या बाजूला असायचा.