वाचकांचे प्रश्न : प्रिंटरवरून जाणारे ईमेल आणि डिजिटल स्वाक्षरी

प्रश्न : आमच्या करसल्लागार कार्यालयातील प्रिंटरवर कागद स्कॅन करून ते थेट अशिलांना ईमेल केले जातात. त्याच्या सेटिंगमध्ये एस/माइम (ईमेलच कूटबद्ध आणि स्वाक्षरित करण्याची पद्धत) एन्क्रिप्शन आणि डिजिटल स्वाक्षरी असे पर्याय दिसतात. मेल सर्व्हरशी टीएलएस (वाटेवरचा मजकूर सुरक्षित ठेवणारी) जोडणी आधीच चालू असताना हे पर्याय लागतात का? स्वाक्षरीसाठी सरांची डीएससी (डिजिटल स्वाक्षरी प्रमाणपत्र) वापरता येईल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : टीएलएस चालू ठेवावेच, परंतु प्रिंटरवरच्या त्या सेटिंगने केवळ प्रिंटर आणि तुमचा मेल सर्व्हर यांमधला टप्पा सुरक्षित होतो, सर्व्हरवर आणि नंतर अशिलाच्या मेलबॉक्समध्ये तो ईमेल वाचता येण्याजोग्या रूपातच पडून राहतो. एस/माइममध्ये मजकूर आणि जोडलेली फाइल प्रिंटरमध्येच कूटबद्ध (इतरांना न वाचता येणारी) होते आणि ती फक्त अशिलाच्या खासगी कीने, म्हणजे त्याच्याकडेच असलेल्या गुप्त डिजिटल किल्लीने, उघडते. पॅन, आधार आणि बँक स्टेटमेंट रोज पाठवणाऱ्या कार्यालयाला याची गरज आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. विषयाची ओळ मात्र सामान्यतः उघडीच राहते, म्हणून तिथे पॅन क्रमांक लिहू नये.

कूटबद्ध करण्यासाठी पाठवणाऱ्याची नव्हे, तर घेणाऱ्याची सार्वजनिक की (खासगी कीची इतरांना देता येणारी जोडकिल्ली) लागते, आणि नेमका इथेच अनेकांचा गोंधळ होतो. ही की ज्यात असते ते प्रत्येक अशिलाचे प्रमाणपत्र प्रिंटरच्या अ‍ॅड्रेस बुकमध्ये भरावे लागेल. अशिलाकडून सीईआर फाइल (फक्त प्रमाणपत्र असलेली) घ्यावी. पीएफएक्स फाइल आणि तिचा पासवर्ड कोणी देऊ केला तरी घेऊ नये, कारण तिच्यात त्याची खासगी कीसुद्धा असते. भारतात स्वाक्षरीचे आणि एन्क्रिप्शनचे प्रमाणपत्र वेगवेगळे दिले जाते, त्यामुळे विवरणपत्र भरण्यासाठी घेतलेली अशिलाची डीएससी या कामी येईलच असे नाही.

सरांची डीएससी प्रिंटरसाठी वापरता येणार नाही. तिची खासगी की यूएसबी टोकनमधून (की साठवणाऱ्या पेनड्राइव्हसारख्या उपकरणातून) बाहेर काढता येत नाही, आणि ती काढता आली असती तरी मी तसे करू दिले नसते. कारण मग स्कॅनचे बटण कोणीही दाबले तरी त्या ईमेलवर सरांची सही उमटली असती. प्रिंटरच्या स्वतःच्या प्रमाणपत्राने केलेली स्वाक्षरी एवढेच सांगते, की हा ईमेल याच यंत्रातून निघाला आहे आणि वाटेत त्यात बदल झालेला नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार व्यक्तीने करायच्या स्वाक्षरीची जागा ती घेऊ शकत नाही, म्हणून ज्या कागदावर सरांची सही हवी तो आधी संगणकावर टोकन लावून स्वाक्षरित करावा. यंत्राच्या प्रमाणपत्रातला ईमेल पत्ता आणि प्रिंटरचा प्रेषक पत्ता एकच असावा, अन्यथा अशिलाला इशारा दिसेल. प्रिंटरचे स्वतः तयार केलेले प्रमाणपत्र वापरले तरीही तेच होईल. यंत्रातील तारीख आणि वेळही बरोबर असली पाहिजे.

ज्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही किंवा जे विनामूल्य जीमेल ब्राउझरमध्ये वापरतात (तिथे एस/माइम चालत नाही), त्यांच्यासाठी प्रिंटरवरच पासवर्डचे पीडीएफ तयार करावे आणि पासवर्ड फोनवर सांगावा. पॅन किंवा जन्मतारीख पासवर्ड म्हणून ठेवू नये. प्रमाणपत्र वापरणाऱ्या अशिलांना, मुदत संपून नवे घेतल्यावरही, जुनी खासगी की जपून ठेवायला आवर्जून सांगा, कारण त्या काळात आलेले ईमेल तिच्याशिवाय पुन्हा उघडणार नाहीत.