कर्जमाफीला विरोध, टॅरिफला पाठिंबा : अमेरिकी कॉन्झर्व्हेटिव्हांची भूमिका कशी वाचायची

प्रश्न असा होता : विद्यार्थ्यांची कर्जं माफ करणं हा सरकारी हस्तक्षेप म्हणून ज्यांना खपत नाही, त्यांना टॅरिफ (आयातशुल्क) कसं चालतं? आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर बोलणारे हेच लोक सत्तेत आले की भूमिका का बदलतात?

‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ (उजव्या विचारांचे) म्हणजे एक गट नव्हे, ही खूणगाठ आधी बांधा. राष्ट्राध्यक्ष रेगनच्या काळात घडलेला मोकळ्या बाजाराचा गट वेगळा, संविधानाच्या शब्दाला धरून चालणारे वकील-न्यायाधीश वेगळे आणि 2016 नंतर जोर धरलेला ‘कारखाने परत आणा’ म्हणणारा गट वेगळा. कर्जमाफीच्या विरोधात तिघेही एकत्र आले. टॅरिफवर त्यांच्यात उभी फूट आहे.

कर्जमाफीतला पहिला आक्षेप आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. महाराष्ट्रात 2017 मध्ये दीड लाखापर्यंत शेतीकर्ज माफ झालं, तेव्हा ‘नियमित फेडणाऱ्यानं काय पाप केलं?’ हा सवाल आलाच, आणि त्यांना 25 हजारांपर्यंत प्रोत्साहन द्यावं लागलं. 2019 च्या योजनेत ते 50 हजारांपर्यंत गेलं. बायडेन यांच्या ऑगस्ट 2022 च्या योजनेत फेडून मोकळ्या झालेल्यांसाठी असं काही नव्हतं. वार्षिक उत्पन्न 1,25,000 डॉलरच्या आत असलेल्याला 10,000 डॉलर माफ, पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी सरकारी मदत) घेतलेल्याला 20,000. खर्चाचा सरकारी अंदाज सुमारे 400 अब्ज डॉलर. निम्म्याहून जास्त प्रौढ अमेरिकनांकडे पदवी नाही. त्यांच्या करातून पदवीधरांचं कर्ज का फेडायचं, हा आक्षेप मला रास्त वाटतो.

दुसरा आक्षेप फीचा. रेगन यांचे शिक्षणमंत्री विल्यम बेनेट यांनी 1987 मध्ये मांडलं की सरकार जितकं कर्ज देईल तितकी कॉलेजं फी वाढवतील. हे सरसकट खरं नाही. 2008 च्या मंदीनंतर सरकारी विद्यापीठांची फी वाढली, त्याचं मोठं कारण राज्यांनी अनुदान कापणं हे होतं. पण पदव्युत्तर शिक्षणासाठीच्या ग्रॅड प्लस कर्जाला हा मुद्दा चपखल बसतो. तिथे विद्यापीठ सांगेल त्या एकूण खर्चाइतकं कर्ज मिळायचं, वर मर्यादाच नाही. जुलै 2025 च्या कायद्यानं 1 जुलै 2026 पासून नव्या कर्जदारांसाठी ते बंद केलं. पदव्युत्तर शिक्षणाला वर्षाला 20,500 आणि एकूण 1,00,000 डॉलर, तर मेडिकल, लॉ वगैरेंना वर्षाला 50,000 आणि एकूण 2,00,000 ही मर्यादा आली. एफ-1 व्हिसावर गेलेल्या आपल्या मुलांना संघीय कर्ज मुळात मिळतच नाही, त्यामुळे त्यांना याचा थेट फटका नाही. मात्र नागरिक किंवा ग्रीन कार्ड असलेल्या मराठी घरातलं मूल तिकडे मेडिकलला जाणार असेल, तर 50,000 च्या वरची रक्कम कुठून आणायची हे प्रवेश घेण्याआधीच ठरवा. खासगी कर्जाला बहुधा सहीदार (हमीदार) लागतो आणि उत्पन्नानुसार हप्ता कमी करण्याची सरकारी सोय तिथे नसते.

तिसरा आक्षेप अधिकाराचा, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. 30 जून 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयानं 6 विरुद्ध 3 मतांनी बायडेन यांची योजना रद्द केली. 2003 च्या कायद्यात शिक्षणमंत्र्याला आणीबाणीत कर्जाच्या अटी शिथिल करण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार होता. ‘बदल’ म्हणजे किरकोळ फेरफार, काँग्रेसला (अमेरिकी संसदेला) न विचारता शेकडो अब्जांची नवी योजना उभारणं नव्हे, असं सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी लिहिलं. माफीचे समर्थक तेव्हा कोविडकाळातल्या पीपीपी (छोट्या उद्योगांना पगारासाठी दिलेल्या) कर्जांच्या माफीकडे बोट दाखवत होते. ती माफी काँग्रेसनं कायद्यातच लिहिलेली होती, म्हणून ती तुलना टिकत नाही.

आता हीच फूटपट्टी टॅरिफला लावा. आयातशुल्क ठरवण्याचा अधिकार संविधानानं काँग्रेसला दिला आहे. ट्रम्प यांची 2025 ची व्यापक टॅरिफ ज्या 1977 च्या आणीबाणी कायद्यावर उभारली, त्यात ‘टॅरिफ’ हा शब्दच नाही. त्याविरुद्ध कोर्टात गेलेल्यांत कॉन्झर्व्हेटिव्ह आणि लिबर्टेरियन (सरकारी हस्तक्षेप कमीत कमी हवा असं मानणाऱ्या) वकिलांच्या संस्था होत्या. मे 2025 मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाच्या तिघा न्यायाधीशांनी एकमतानं त्यांची बाजू मान्य केली. त्या तिघांना अनुक्रमे रेगन, ओबामा आणि ट्रम्प यांनी नेमलेलं होतं. सिनेटमध्येही रँड पॉल आणि मॅककॉनेल या रिपब्लिकन सदस्यांनी कॅनडावरच्या टॅरिफविरुद्ध मत दिलं. म्हणजे विसंगती आहे ती तिसऱ्या, ‘कारखाने परत आणा’ म्हणणाऱ्या गटाची.

टॅरिफ भरतो कोण, यावर मात्र गफलत नको. सोलापूरच्या टेरी टॉवेलचा 10,000 डॉलरचा माल घ्या. नेहमीचं शुल्क 9.1 टक्के, म्हणजे 910 डॉलर. 27 ऑगस्ट 2025 पासून काही महिने भारतावर जादा 50 टक्के लागत होते, त्याचे 5,000. एकूण 5,910 डॉलर. ही रक्कम अमेरिकी कस्टम्सला भरतो तिथला आयातदार. सोलापूरच्या कारखानदाराला झळ बसते ती नंतर, आयातदार भाव पाडून मागतो किंवा ऑर्डर दुसऱ्या देशात वळवतो तेव्हा. समुद्री भाडं या हिशेबात धरलेलं नाही, कारण अमेरिकेत शुल्क साधारणपणे भाडं-विमा वगळून आकारतात. आपल्याकडे ते धरून आकारतात.

अभिव्यक्तिस्वातंत्र्य वाचताना आपण नकळत भारतीय संविधानाच्या कलम 19(2) चा चष्मा लावतो. तिकडच्या पहिल्या घटनादुरुस्तीत ‘वाजवी निर्बंधां’ची यादी नाही. द्वेषमूलक भाषणालाही संरक्षण आहे. तात्काळ हिंसेची चिथावणी असेल, आणि ती हिंसा घडण्याची शक्यताही असेल, तर ते जातं (1969 चा ब्रँडेनबर्ग निकाल). पण हे बंधन सरकारवर आहे. सरकारी विद्यापीठ त्यात येतं, खासगी विद्यापीठ किंवा फेसबुक येत नाही. म्हणून कोणतीही तक्रार वाचताना आधी पाहा, तोंड कोणी दाबलं. टेक्सास आणि फ्लोरिडानं 2021 मध्ये समाजमाध्यम कंपन्यांना पोस्ट काढण्यापासून रोखणारे कायदे केले, तेव्हा मालमत्तेचा हक्क मानणारे कॉन्झर्व्हेटिव्ह त्याला विरोध करत होते.

सरकारनं आडून दबाव आणला तर? 2024 मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्या संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं की खासगी कंपन्यांना धमकावून सरकार कुणाचा आवाज बंद करू शकत नाही. सप्टेंबर 2025 मध्ये प्रसारण आयोगाच्या प्रमुखांनी एका टीव्ही विनोदवीरावरून वाहिनीला इशारा दिला, तेव्हा सिनेटर टेड क्रूझ यांनी आपल्याच सरकारला सुनावलं : डेमोक्रॅट परत आले की हेच हत्यार आपल्यावर उगारतील.